नायिकेचं वाक्य

मास्तरांच्या अर्ध्या गालावर फेस होता, गळ्याशी वस्तरा होता आणि सलूनवाल्याच्या डाव्या हातात त्याने स्वतः लिहिलेली कथा होती. श्रोत्याला हलायची सोय नव्हती.

चार महिन्यांपूर्वी त्याची बायको बॅग भरून बहिणीकडे निघून गेली होती. का गेली, ते त्याला काही केल्या उमगेना. गिऱ्हाइकांना विचारून झालं, मेव्हण्याला विचारून झालं. तिलाही फोन केला, तासभर बोलला, पण कारणाचा पत्ता लागला नाही. शेवटी वही घेतली. कथेत घालून बघू, तिथे तरी उलगडेल.

कथेतला नवरा निर्व्यसनी, प्रेमळ आणि डोकंभर केसांचा होता. सलूनवाल्याच्या स्वतःच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. अकरा पानं नवरा समजूत घालत होता आणि बायको बॅग घेऊन दारात उभी होती.

“एक विचारू?” वस्तरा जरा बाजूला होताच मास्तर म्हणाले. “ही बाई मुकी आहे का?”

“छे हो. चांगली बोलकी आहे.”

“मग एखादं वाक्य तिच्याही तोंडी घाला की.”

सलूनवाल्याला ते पटलं. वस्तरा ठेवून तो बाकावर बसला, कानावरची पेन्सिल काढली आणि लिहू लागला. लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. मास्तरांच्या गालावरचा फेस वाळायला लागला.

“काय झालं?”

“ती तोंड उघडते न उघडते, तोच हा मध्ये बोलतो.”

“कथा तुमचीच ना? गप्प करा त्याला.”

सलूनवाल्याने त्या पानावरची नवऱ्याची सगळी वाक्यं खोडून टाकली. मग पेन्सिल कागदावर टेकवून नुसता बसून राहिला. रेडिओला बोलू न देणारा हा माणूस इतका वेळ गप्प बसलेला मास्तरांनी कधी पाहिला नव्हता. त्यांना भीतीच वाटली. अर्धी दाढी तशीच घेऊन ते खुर्चीतून उठले आणि वहीत डोकावले.

‘अहो, मी काय म्हणते,’ एवढंच लिहिलेलं होतं.

“पुढे?”

सलूनवाल्याचे डोळे भरून आले होते.

“इथवर मला पाठ आहे, मास्तर,” तो म्हणाला. “याच्या पुढचं मी कधी ऐकलेलंच नाही.”