हार्लनचा होकार

"नाही," हार्लन म्हणाला. फडक्यात गुंडाळलेला बोल्ट त्याने धड उलगडूनही पाहिला नव्हता.

त्याच्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात, काउंटरपलीकडे डोरीन उभी होती. बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून कोंडणारा दांडा, तिच्या नवऱ्याच्या रायफलीचा. नवरा, व्हर्जिल, उन्हाळा संपता संपता गेला, आणि मेल्यावरही स्वस्थ बसेना. शिकारीच्या तळावर भावांसमोर त्याने सांगून ठेवलं होतं : माझी राख काडतुसात भरा, एल्क हरणांच्या शिकारीचा मोसम उघडेल त्या सकाळी माझ्याच रायफलीतून उडवा, आणि उरलेली तिथेच टेकडीवर उधळा. आमच्या मोंटानात असं मागणारा तो काही पहिला नव्हे. पण व्हर्जिलची वर आणखी एक अट होती. काडतूस मोठं हवं, अस्वलाला लोळवणारं. आपल्या रायफलीच्या चिमुकल्या काडतुसातून जायची त्याला म्हणे लाज वाटत होती. मेल्यावर कसली आलीय लाज, हे त्याला कोणी विचारलं नाही.

मोठं काडतूस घालायचं तर बोल्टचं तोंड रुंद करावं लागतं. काडतुसाचं बूड जिथे टेकतं ती खोबण कापायची, म्हणजे कडेचं पोलाद पातळ होतं. जरा चुकलं की सगळा स्फोट मागे येतो, नेम धरणाऱ्याच्या तोंडावर. हार्लन ज्याच्या हाताखाली शिकला, त्याचा डोळा असाच गेला होता. म्हणून हार्लन बंदुकीचं दुसरं काहीही दुरुस्त करी, बोल्ट मात्र कापत नसे. व्हर्जिल दरवर्षी येऊन हुज्जत घाली. "अरे म्हाताऱ्या, डोळा गेला तर माझा जाईल, तुझ्या बापाचं काय जातं?" हार्लनचं उत्तर ठरलेलं. नदी एक वेळ उलटी वाहील, पण हार्लन हो म्हणायचा नाही, असं गावात बोलत.

आताही तो भांडणाच्या तयारीने उभा होता. डोरीन काही गप्प बसणारी बाई नव्हती.

"बरं," डोरीन म्हणाली. "मग राख उडवायचं राहिलं. रसला तेवढं फोन करून सांगशील? तुझ्या तोंडून ऐकलं की तो ऐकेल." रस म्हणजे व्हर्जिलचा थोरला भाऊ. तिने बोल्ट भराभर गुंडाळून पर्समध्ये टाकला. "तुझं नाही म्हणजे नाही. मला ठाऊकच होतं."

ती हे इतक्या मऊ आवाजात म्हणाली, की हार्लनच्या काळजाला घरं पडली.

त्याने खिडकीतून पाहिलं. तिच्या पिकअपमध्ये शेजारच्या सीटवर राखेचा डबा होता, आणि डब्याला सीटबेल्ट लावलेला होता. ती आत बसली आणि डब्याशी काहीतरी बोलली. तुझा शब्द पाळता आला नाही रे, असं सांगत असेल बिचारी. जिवंतपणी याला नकार दिला, आता मेल्यावरही द्यायचा? मी काय माणूस आहे की कसाई? हार्लन एप्रनसकट बाहेर धावला.

"दे तो बोल्ट."

डोरीनचा चेहरा उतरला. "अरे पण धोक्याचं असतं ना ते?"

"धोका राहणार नाही असं करतो."

"कोणाचा तरी डोळा जाईल, हार्लन."

"नाही जाणार."

"घाई करू नकोस. नीट विचार कर. वर्षभर कर हवं तर."

"मोसमाच्या आधी देतो," हार्लन म्हणाला. बोल्ट तिच्या मुठीतून अक्षरशः सोडवून घ्यावा लागला.

मग त्याने बाकीची सगळी कामं बाजूला सारली. पोलाद पारखलं. केस केस कापलं, मोजलं, पुन्हा मोजलं. काडतुसाचं बूड धरून ओढणारा आकडा नवा घडवला. रसकडून रायफल मागवून नळीतलं काडतुसाचं घरही त्या मापाचं केलं. डोरीन रोज फोन करी.

"कुठे तडा गेला का रे?"

"छे."

"बारीकसासुद्धा नाही?"

"केसाएवढाही नाही."

केवढी काळजी करते ही बाई, असं म्हणून हार्लन आणखी जपून काम करी. शेवटी त्याने रायफल जुन्या टायरला आवळून बांधली, चापाला लांब दोरी बांधली, लाकडांच्या ढिगाआड बसला आणि दोरी ओढली. बार निघाला. सगळं जागच्या जागी होतं. रिकामं काडतूस भिंगाखाली धरून त्याने खूप वेळ पाहिलं. इतकं निर्दोष काम त्याच्या हातून उभ्या जन्मात झालं नव्हतं. म्हाताऱ्याला भरून आलं.

मोसमाच्या आदल्या दुपारी डोरीन आली, डबा काखेत घेऊन. बाहेर रसची गाडी उभी होती, गाडीत सगळे भाऊ नव्या टोप्या घालून बसले होते.

"निर्धोक आहे," हार्लन रायफल तिच्यापुढे ठेवत म्हणाला. "माझा शब्द."

डोरीनने बोल्ट मागे ओढला, पुढे ढकलला. लोण्यासारखा सरकला. ती तिथल्याच स्टुलावर बसली, डबा छातीशी धरला आणि हुंदके देऊन रडू लागली. हार्लनने तोंड फिरवलं.

"रडू नकोस गं," तो म्हणाला. "व्हर्जिलसाठी एवढं तर मला करायलाच हवं होतं."

बाहेर रसने हॉर्न वाजवला.

"मेल्या," डोरीन म्हणाली, "हा मला घरात हवा होता. हो म्हणणारे बंदूकवाले गल्लोगल्ली आहेत, तू नाही म्हणतोस म्हणून तर तुझ्याकडे आले होते."