हॉलमधला आरसा

"आई, तुझ्या बालमानसशास्त्राच्या पुस्तकातली 'मुलगी क' म्हणजे मीच ना?" हे आईला विचारून दाखवायची मैत्रिणींनी पैज लावली होती आणि आपण काय कुणाला घाबरतो!

"काहीतरीच तुझं!" आई हसली.

मी पान उघडून पुढे धरलं. फोटोत आमचा हॉल, आमचा सोफा आणि आरशात बघून वेडीवाकडी तोंडं करणारी मी. फोटो आरशाच्या पलीकडून काढलेला होता. पण त्या भिंतीपलीकडे खोलीच नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो.

"बाबा, तुम्हालाही माहीत होतं?"

दोघांनी आधी आरशाकडे पाहिलं, परवानगी मागावी तसं.

काचेवर आतून एक टिचकी वाजली. आईनं ओठ घट्ट मिटले.

"ठीक आहे," मी म्हणाले, "मग मी आज हा आरसाच फोडणार."