भराचे दिवस

"मी विमानात बसत नाई," कमलाबाई म्हणाल्या आणि पासपोर्ट मांडीखाली घेऊन अंगणात बसल्या.

समोर त्यांची लेक पिंकी मोबाइल धरून उभी होती. तिकिटं आज संध्याकाळपर्यंत काढायची होती, नाहीतर ठरलेली तारीख हातची जाणार होती. तिचं लग्न श्रीलंकेत होतं, समुद्राकाठच्या एका छोट्या विहारात. भन्ते ठरले होते, राहायला घर ठरलं होतं, पांढऱ्या साड्याही आल्या होत्या. अडून बसली होती ती फक्त नवरीची आई. आणि आई नाही तर तिथं लग्नही नाही, असं पिंकीनं सकाळीच सांगून टाकलं होतं.

कमलाबाईंचं हे काही नाटक नव्हतं. ब्रह्मपुरीजवळच्या या गावातून त्या फार तर नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आलेल्या, तेही एसटीनं. विमान म्हटलं की त्यांना एकच दिसायचं. पायाखाली जमीन नाही, हाताशी धरायला काही नाही आणि खाली नुसतं पाणी. झोप उडाली होती. पिंकीकडे न बघता त्यांनी मोहाची फुलं वेचायची टोपली पुढ्यात ओढली आणि ती शेणानं सारवायला घेतली.

"पडलं तं?"

"नाई पडत, आई."

"पेपरात येते."

ओट्यावर गुणाबाई आणि गल्लीतल्या आणखी चौघी बसल्या होत्या. त्याही वऱ्हाडात होत्या. हिवाळ्यात पिंकीनं सगळ्यांना जीपमध्ये कोंबून चंद्रपूरला नेलं होतं, पासपोर्ट काढायला. फोटोत एकजात सगळ्या भेदरलेल्या आल्या होत्या. आता त्या कमलाबाईंच्या तोंडाकडे बघत होत्या. "कमला येईन तं आमी येतो," गुणाबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं.

नवरदेव धम्मदीप चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरहून मोटरसायकलनं आला होता आणि आल्यापासून धुसफुसत होता.

"माह्या सख्ख्या मामाले नाई घेतलं," तो म्हणाला. "वऱ्हाड लहान पाह्यजे म्हणे. ठीक हाय. मंग या पाच बाया काऊन? आपल्यात मुहूर्त नसते. मे महिना धर म्हटलं, तं पिंकीले हेच दिवस पाह्यजे. लग्न अर्ध्या दिवसाचं, अन् घर घेतलं पंधरा दिवसाचं. काऊन, ते सांगतच नाई."

एरवी पिंकीच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. या एका गोष्टीवर मात्र ती मूग गिळून बसायची. आत्ताही ती दाराजवळच्या खिळ्याकडे बघत राहिली.

खिळ्याला एक मुखवटा टांगलेला होता, माणसाच्या चेहऱ्याचा. गेल्या वर्षी वनखात्यानं गावात असे मुखवटे वाटले होते. जंगलात जाताना तो डोक्याला मागच्या बाजूनं बांधायचा, म्हणजे वाघाला वाटतं, माणूस आपल्याकडेच बघतोय. मुखवटे आले ते चंदा गेल्यावर. चंदा ही गुणाबाईंची धाकटी जाऊ. मोह वेचायला पहाटे सगळ्या मिळून गेल्या होत्या. चंदा शेजारच्याच झाडाखाली वाकली होती. कमलाबाईंनी वळून पाहिलं तेव्हा तिची टोपली होती, चंदा नव्हती.

त्यानंतरही चार दिवसांनी बायका मोहाला गेल्याच. मोह काही कोणासाठी थांबत नाही. भीती वाटायची, पण ती अंगवळणी पडलेली भीती होती. तिच्यापायी कोणी घरी बसत नव्हतं.

विमानाची भीती नवी होती. कमलाबाईंना आता शेवटचा उपाय सुचला.

"अन् मोहाचं काय?" त्या म्हणाल्या. "तुहं लग्न नेमकं भराच्या दिवसात हाय. मी गेली, गुणाबाई गेली, या साऱ्याजणी गेल्या, तं इथी मोह कोण येचन?"

बोलता बोलताच त्यांचा सारवणारा हात थांबला.

थंडी सरताना पिंकीचा शहरातून रोज फोन यायचा. जन्मात कधी मोहाची चौकशी न केलेली पोरगी रोज एकच विचारायची. आई, झाडाले कुच्या धरल्या का? भर कधी पडन? कमलाबाईंनी एकदा रानात जाऊन कळ्यांच्या त्या कुच्या पाहिल्या आणि फुलं भरात कधी गळतील त्याचा अंदाज सांगितला. दुसऱ्याच दिवशी लग्नाची तारीख ठरली होती.

त्यांनी ओट्याकडे पाहिलं. पाचही जणी त्यांच्याच सोबतीच्या होत्या. पहाटे एकत्र निघणाऱ्या, शेजारच्या झाडांखाली वाकणाऱ्या.

मग त्यांनी पिंकीकडे पाहिलं. ती अजून त्या मुखवट्याकडेच बघत होती.

"तू काऊन भेऊन राह्यली, माय?" कमलाबाईंनी हळूच विचारलं.

"मागच्या साली पाह्यटेस फोन आला होता," पिंकी म्हणाली. "कमलाबाईच्या बाजूची बाई गेली म्हणत होते, मले 'कमलाबाई' अन् 'गेली' इतकंच आयकू आलं. मले वाटलं, तूच. तवापासून फोन वाजला का जीव जाते. मोहाले जाऊ नका म्हटलं असतं, तं कोणी आयकलं नसतं. लग्नाले या म्हटलं, तं कोणाले नाई म्हणता येत नाई."

धम्मदीपनं मान खाली घातली. गुणाबाईंनी पदर तोंडाला लावला.

कमलाबाईंनी अर्धवट सारवलेली टोपली भिंतीशी पालथी घातली. हात पदराला पुसले. मांडीखालचा पासपोर्ट काढून लेकीच्या हातात दिला.

"अन् वापस कधी यायचं?"

"मोह सरल्यावर, आई."