पाठीमागची खिटी

"हातच्या काकणाला आरसा कशाला, ताई?" सुतार म्हणाला आणि कारखान्याला लागून असलेल्या घराकडे तोंड करून त्याने हाक मारली, "ठके! ये बघू. जेवून दाखव यांना."

भुशात मधोमध ती खुर्ची मांडलेली होती. पुढे ताटलीपुरती फळी, कमरेशी बसणारी आडवी पट्टी, आणि पट्टीची खिटी पाठीमागे. पोराचा हात काही केल्या पोचणार नाही अशी. रंधा असा मारलेला की कुसळ रुतायची बिशाद नाही. सुताराला मुलांची काळजी फार!

ठकी, त्याची मुलगी, आली. सहा-सात वर्षांची असेल. आपली आपण चढली, पट्टी ओढून घेतली. बापाने मागून खिटी लावली आणि पुढ्यात उकडलेल्या भाजीची ताटली ठेवली. पोरगी मान खाली घालून जेवली. एक दाणा सांडला नाही. ताटली लख्ख झाल्यावर तिने ती बापाला दाखवली, तेव्हा कुठे खिटी निघाली.

गिऱ्हाईक बाईंचा जीव तिळतिळ तुटला. हेव्याने. त्यांचं पिल्लू एकेका घासासाठी घरभर पळवायचं. आत्ताही ते त्यांच्या पायाला मिठी मारून उभं होतं.

"रडत नाही ही?"

"आधी सगळीच रडतात. कोवळं आहे तोवर वाकतं, ताई. एकदा ताठलं की काय करणार?"

"नको बाई, आमचा फार हळवा आहे," बाई म्हणाल्या. पण नजर खुर्चीवरून निघेना. "बसवून बघते फक्त. रडला तर नको म्हणजे नको. मग तुमची खुर्ची तुम्हाला लखलाभ."

पिल्लूला उचलून बसवलं. खटकन खिटी बसली, सुताराने पुढ्यात भाजीची ताटली न् चमचा ठेवला आणि पिल्लूने जे भोकाड पसरलं! "आई, काढ! आई गं, काढ ना!" चमचा भिरकावला, पाय झाडले, चेहरा लालबुंद झाला. बाईंचा हात खिटीकडे गेलासुद्धा.

"जरा दम धरा हो," सुतार म्हणाला. "तुम्ही समोर आहात म्हणून चाललंय हे सगळं. इकडे या, रंगाचे नमुने तरी बघा."

बाई नमुन्यांच्या फळीपाशी गेल्या. रंगाकडे कुठलं लक्ष! कान सगळे मागे. "नाही हो, मला नाही बघवत. काढते मी त्याला," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात ठकी खुर्चीपाशी आली. पडलेला चमचा तिने उचलला, फ्रॉकला पुसला आणि पिल्लूच्या मुठीत दिला. भली पोर! त्याच्या कानाला तोंड लावून ती हळूच म्हणाली, "रडू नको. रडलं की परत वाढतात."

पिल्लू गप्प झालं. आधी त्याने हुंदका गिळला, मग भाजी गिळली.

बाईंनी वळून पाहिलं. "अगंबाई! हा तर जेवतोय!" त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "काय जादू केलीत हो?"

"जादू कसली? चांगल्या सवयीला वेळ लागत नाही."

"मग हीच नेऊ का आजच्या आज?"

"न्या की खुशाल. ठकीला आता आखूडच पडते. तिच्यासाठी मोठ्या मापाची करायला घेतोच आहे."

पिल्लू घाईघाईने जेवत होतं. गाल फुगले, नाक वाहिलं, पण आवाज म्हणून काढला नाही. शेवटचा घास कसाबसा खाली गेल्यावर त्याने दोन्ही हातांनी रिकामी ताटली आईपुढे धरली.

"शहाणं गं माझं बाळ ते!" बाईंनी त्याचा मटामटा मुका घेतला. मग ताटली सुताराच्या हातात देत म्हणाल्या, "वाढा हो अजून! भूक आहे त्याला."

पिल्लूने ठकीकडे पाहिलं. ठकीने तोंड फिरवलं.