पालखीला न मानवलेला दात

"काढ म्हणजे काढ!" सगुण खुर्चीत टेकल्या टेकल्या गालावर बोट ठेवून म्हणाला. "मुळासकट उपट. माका ह्यो दात नको."

डॉक्टर सुविधाच्या हातातला आरसा हातातच राहिला. हा दात! डिचोलीच्या तिच्या दवाखान्यात या एका दातावर जेवढा घाम गळला, तेवढा दुसऱ्या कशावर गळला नसेल. आतून पोखरलेला, नस सडलेली. घरचे म्हणत होते, उपटून मोकळं कर. तिनं हट्टानं रूट कॅनल सुरू केलं. पहिल्याच बैठकीत ठणका थांबला आणि हे गृहस्थ गायब! दुखायचं थांबलं म्हणजे उपचार संपला, अशी आपल्याकडे रीतच आहे. शेवटी त्याच्या बायकोला, पद्मावतीकाकींना, फोन करकरून त्याला मुळगाव या त्याच्या गावाहून अक्षरशः ओढून आणवलं. मुळं साफ केली, भरली, वर धातूची टोपी बसवली. आणि आता म्हणे, उपट!

"दुखतोय?"

"दुखता तर! अख्खो जबडो दुखता."

सुविधाचं डोकं तडकलं. ज्यातली नसच काढून टाकली तो दात दुखेल कसा? मागे याच तक्रारीवर एक्स-रे काढला होता. स्वच्छ होता. आज परत काढला. आजही स्वच्छ. तिनं टोपीवर टकटक केलं. काही नाही. गार पाण्याची चूळ भरायला लावली. काही नाही.

"चावताना दुखतो?"

"ना गो बाय. सकाळीच कडक उंडो पाव खाल्लो त्याच बाजून. चहात बुडवूकसुद्धा ना."

"मग कशाला काढू? मला काम नाही म्हणून?"

कोपऱ्यातल्या स्टुलावरून पद्मावतीकाकी उठल्या. "बाय, तू रागावशीत म्हणान सांगूक नव्हता. तो दात देवाक मानवना."

"कुणाला?"

"देवाक!"

मग सगळं बाहेर आलं. गावच्या देवळात दर सोमवारी पालखी निघते. तिला खांदा द्यायचा मान सगुणच्या घराण्याचा. टोपी बसवल्यावरच्या पहिल्याच सोमवारी पालखी खांद्यावर घेऊन तो देवळाचा चढ चढू लागला आणि जबड्यात कळ आली. पालखी खाली ठेवली, कळ गेली. पुढच्या सोमवारी तेच. त्याच्या पुढच्याही. तोंडात धातू घालून पालखी उचलतो म्हणून देव शिक्षा करतो, असं भाऊबंद म्हणू लागले. देवाला पाकळ्या लावून कौल घेतला. डावी पाकळी पडली. म्हणजे सगुणचा खांदा नको. आता खांदा पुतण्यानं, गौरेशनं द्यायचा, असं ठरत आलं होतं.

"माझ्या आज्यान उचलली, बापायन उचलली," सगुण म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "माकाच देवान पयस केलो, दूर लोटलो, बाय. काढ तो दात. तुझ्या पाया पडता."

सुविधाला रडावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना. "अहो काका, मोबाइल खिशात घालून पालखी उचलता, तो चालतो देवाला? माझी टोपीच तेवढी खुपते? कमाल आहे देवाची!"

काकींनी कानांना हात लावले. सगुण मात्र जागचा हलला नाही. डोळे मिटून, तोंड उघडून बसून राहिला. अशा माणसापुढं काय बोलणार, कपाळ!

"बरं. तुमचा दात, तुमचा देव." तिनं इंजेक्शन भरलं. सुई जवळ नेता नेता ती फणकाऱ्यानं म्हणाली, "आणखी कुठं कुठं दुखतो तेही सांगून टाका. सगळेच देव एकदम खूश करते."

सगुणनं डोळे उघडले. त्याला टोमणा कळलाच नाही. "कुळागराच्या, पोफळीच्या बागेच्या चढार दुखता. पंप बिघडल्यार पाण्याचे कळशे वर व्हरूचे पडतत, तेव्हा."

"तिथं कुठला देव आलाय?"

"ना मगे! तांच कळना. डावो हातसुद्धा भरान येता. मातसो बसलो काय रावता."

सुई थांबली.

"घाम येतो?"

"शर्ट भिजता."

सुविधानं इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवलं. तिचा राग कुठल्या कुठे गेला. एवढे दिवस ती या माणसाच्या तोंडात डोकावत होती, दाताचेच फोटो काढत होती. तिनं फोन उचलला, १०८ लावला, पत्ता सांगितला.

"आज होवचा ना काय? मगे उद्या येता," म्हणत सगुण खुर्चीतून उठू लागला.

"उठू नका!" ती एवढ्या जोरानं ओरडली की काकी दचकल्या. "एक पाऊल टाकू नका, काका. दात ठणठणीत आहे. चढ लागला की दुखतं, बसलं की थांबतं, ते दुखणं हृदयाचं आहे. जबड्यात फक्त कळतं. गाडी येतेय, इस्पितळात जायचंय."

काकींनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. सगुण खुर्चीत तसाच मागे टेकला. एकदा बायकोकडं बघितलं, एकदा सुविधाकडं. मग कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा सैल पडला.

"हृदय काय?" त्यानं सुटकेचा श्वास सोडला. "म्हणजे देव रागावूक ना तर!"