खाडीकाठची अकरा मिनिटं

डिलन रोज दुपारी कळव्यातलं दुकान बंद करून स्कूटरवरून घोडबंदर रोडला घरी जेवायला यायचा. त्याच्या फोनमधला मॅप मात्र वेगळंच सांगायचा. खाडीकाठी, तिवरांच्या आत, जिथे रस्ताच नाही, तिथे तो रोज अकरा मिनिटं थांबलेला दिसायचा.

"अगं, जीपीएस आहे ते. पाच-पन्नास मीटर इकडेतिकडे दाखवणारच," तो बायकोला म्हणाला.

"जागा चुकेल रे," जेनिफर म्हणाली. "पण रोज बरोबर अकरा मिनिटं कशी चुकतील?"

नक्कीच कुणी बाई असणार! शनिवारी जेनिफर न सांगताच दुकानावर जाऊन थडकली आणि त्याच्या मागे स्कूटरवर बसली. प्रवासात जपमाळ म्हणायची तिची माहेरची सवय. बोटांतून मणी सरकत होते, पण नजर रस्त्यावरून हलली नाही. पूल आला. तिवरांचा खारट वास आला आणि मागे पडला. स्कूटर कुठे थांबली नाही, तिचा जपही कुठे खंडला नाही.

घरी पोचताच तिने त्याचा फोन उघडला. खाडीकाठी, अकरा मिनिटं.

"बघ! आज तर तूच होतीस ना मागे?" डिलन हसला.

जेनिफरलाही हसू फुटलं. मेलं ते यंत्रच खोटारडं! उगाच इतके दिवस जीव जाळला. जेवण वाढण्याआधी जपमाळ येशूच्या तसबिरीपुढे आल्तारावर ठेवावी म्हणून तिने मूठ उघडली.

मण्यामण्यांत खाडीचा काळा, ओला चिखल भरला होता.