नऊ नंबरवाला

“पडला बघ! वारा लागला असेल बिचाऱ्याला,” बाबा म्हणाले.

टीव्हीवर एक तरणाताठा खेळाडू गवतावर लोळत होता आणि दोन माणसं त्याच्या गुडघ्यावर फवारा मारत होती.

“आमच्या वेळी पाय मुरगळला तरी माणूस खेळायचा. बदली खेळाडूच नव्हता, तर जाणार कुठे? आणि चेंडू चामड्याचा. भिजला की नुसता दगड. डोक्यावर घेतला की कपाळावर शिवण उमटायची.”

“आणि आजची पोरं एका सामन्यात दहा-अकरा किलोमीटर पळतात, बाबा,” मुलगी म्हणाली. “तुमच्या टीमला यांच्यासमोर उभं केलं ना, तर वीस मिनिटांत तोंडाला फेस येईल.”

“पळायला काय, घोडाही पळतो. फुटबॉलला डोकं लागतं.”

हा वाद त्या घरात दर रविवारी दुपारी व्हायचा आणि तो संपावा असं कुणालाच वाटत नसे. आज मात्र मुलीचं लक्ष त्यात नव्हतं. तिचे डोळे लाल झाले होते. जुन्या फिल्मा दुरुस्त करून रंगवणाऱ्या एका स्टुडिओत ती कामाला होती, आणि गेले तीन आठवडे काम आटोपल्यावरही घरी उशिरा येत होती.

टीव्हीच्या वर भिंतीवर एकच फोटो होता. काळापांढरा, अकरा जणांचा. मधोमध बाबा, टीमचे सेंटर फॉरवर्ड. त्यांच्या खांद्यावर हात टाकून उभा असलेला मामा, आईचा सख्खा भाऊ. तो डाव्या पायाचा, डावीकडूनच खेळायचा, म्हणून सगळे त्याला डावरा म्हणत. फोटो अंतिम सामन्याच्या आधी काढलेला. सामना हरले, आणि त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

“पास दिला असतास तर जिंकलो असतो,” मामा म्हणाला होता.

“तू जागेवर असतास तर दिला असता,” बाबा म्हणाले होते.

याला बावन्न वर्षं झाली. आईचं लग्न त्याआधीच उरकलं होतं म्हणून बरं, नाहीतर झालंच नसतं. तेव्हापासून बिचारीची इकडे आड, तिकडे विहीर.

आता मामा उद्या सकाळी कायमचा मुलाकडे राहायला चालला होता, दोन दिवसांच्या प्रवासावर. वय अठ्ठ्याहत्तर, त्यात छातीचं दुखणं. परतीचं तिकीट कुणी काढलं नव्हतं. जाण्याआधी दोघांनी एकदा भेटावं म्हणून आई आठवडाभर दोन्ही घरांच्या पायऱ्या झिजवत होती. “त्याने चूक कबूल करावी, मी स्वतः येतो,” मामाचं एकच पालुपद. आणि बाबा म्हणजे मोडेन पण वाकणार नाही.

“हा सामना राहू दे,” मुलगी म्हणाली. तिने पर्समधून पेन ड्राइव्ह काढून टीव्हीला लावला. “दुसरा आणलाय. आजकालच्या पोरांचाच आहे. फक्त आवाज येत नाही याला.”

“आवाजाचं सोड. डोळ्याच्या ऑपरेशनपासून सगळं धूसर झालंय. मला दिसणार काय, कपाळ!”

आत कपबशा वाजल्या. आईने चार कप चहा गाळला, दोन बाहेर आणून ठेवले आणि स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली.

पडद्यावर लाल शर्ट आणि निळे मोजे घातलेले खेळाडू धावू लागले. बाबा पुढे सरकून बसले. एका बचावपटूने चेंडू मागे दिला, गोलकीपरने तो, आजच्या नियमात चालत नाही तरी, सरळ हाताने उचलला आणि लांब फेकला. मुलीने हळूच बाबांकडे पाहिलं. ते पडद्याकडेच बघत होते.

“बरी आहेत ही पोरं,” ते म्हणाले. “पडत नाहीत.”

शेवटची मिनिटं आली. नऊ नंबरवाल्याला चेंडू मिळाला. डावीकडे अकरा नंबरवाला हात वर करून पळत होता. नऊ नंबरवाल्याने स्वतःच फटका मारला. चेंडू खांबावर आदळून बाहेर गेला, आणि तो डोकं धरून मटकन खाली बसला.

“काय वाटतं, बाबा? पास द्यायला हवा होता?”

“मागे घे,” बाबा म्हणाले.

तिने मागे घेतलं.

“पुन्हा.”

तिसऱ्यांदा चेंडू खांबावर आदळला तेव्हा आई दाराची चौकट घट्ट धरून उभी होती.

“अकरा नंबरवाला मोकळा होता,” बाबा म्हणाले. “जागेवरही होता. आणि नऊ नंबरवाल्याला तो दिसला होता.”

“दिसला होता?”

“चांगला दिसला होता. पण गोल आपल्याच नावावर लागावा असं वाटलं त्याला. हावरट लेकाचा. पास द्यायलाच हवा होता. चूक त्याची, दुसऱ्या कुणाची नाही.”

आत कप बशीवर खडखडला. आईने डोळे पुसले. मुलीलाही रडू आलं. ते लपवायला ती कशीबशी हसली.

“आजची पोरं अशीच, बाबा.”

“आजची काय आणि कालची काय.” बाबांनी चहा उचलला. तो केव्हाच गार झाला होता. दोन घोटांत संपवून त्यांनी कप खाली ठेवला आणि स्वयंपाकघराकडे न बघताच म्हणाले, “डावऱ्याला म्हणावं, बाहेर ये, आत किती वेळ उभा राहशील? आणि तू गं, पुढच्या वेळी रंग भरायच्या आधी मला विचारत जा. आमचे मोजे निळे नव्हते, हिरवे होते.”